कौटुंबिक उत्पन्न आणि कंपवातावरील शस्त्रक्रियेचे फलित

शस्त्रक्रियेचे फलित म्हणजे शस्त्रक्रियागृहात लाभलेले यश, अशी सर्वसाधारण समजूत असते. कंपवात, अर्थात पार्किन्सनचा विकार, याच्या बाबतीत ती अपुरी ठरते. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बेनाबिद यांनी मेंदूच्या गाभ्यातील अखंड विद्युत्-उद्दीपनाने कंप आवरण्याची पद्धती अवलंबिली. तिचेच विकसित रूप आज डीबीएस या नावाने रूढ आहे. भारतात या शस्त्रक्रियेचा खर्च कित्येक लाख रुपयांच्या घरात जातो. तथापि उत्पन्न आणि फलित यांचा संबंध केवळ या किमतीत शोधणे युक्त नव्हे.

पहिला संबंध निवडीचा होय. रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य आहे किंवा नाही, हे मुख्यतः लेव्होडोपा या औषधाला तो किती प्रतिसाद देतो यावरून ठरते. रात्रभर औषध थांबवून सकाळी, आणि औषध दिल्यावर पुन्हा, अशी परीक्षा करून लक्षणांत सुमारे ३० टक्के सुधारणा दिसावी, असा प्रघात आहे. ज्याचा कंप म्हातारपणाचा म्हणून सोडून दिला गेला, त्याची ही परीक्षा होतच नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील वृद्ध विमाधारकांच्या अभ्यासात, विमा असूनही संपन्न वस्तीतील रुग्णांना ही शस्त्रक्रिया अधिक प्रमाणात लाभल्याचे आढळले.

मेंदूच्या विकाराचा रुग्ण चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात रुग्णालयापर्यंत कितपत पोचतो, याची कल्पना ‘सर्च’ या संस्थेच्या पक्षाघातविषयक अभ्यासावरून येते. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंपैकी १४.३ टक्के पक्षाघाताने झाले; आणि त्यांतील ८७.३ टक्के मृत्यू घरीच घडले. आकस्मिक आघाताची ही स्थिती, तर वर्षानुवर्षे हळूहळू वाढणाऱ्या कंपवाताची उपेक्षा अधिकच संभवते.

दुसरा संबंध उत्तरोपचाराचा. डीबीएसनंतर यंत्राचे विद्युत्प्रमाण जुळविण्यासाठी कित्येक महिने वारंवार तज्ज्ञाकडे जावे लागते. सिरोंचा किंवा भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असल्याने प्रत्येक फेरीत रुग्णाबरोबर सोबत्याचीही मजुरी बुडते. साध्या यंत्राची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. ती अकस्मात संपल्यास लक्षणे तीव्रतेने उलटतात. पुनर्भारणक्षम बॅटरी दीर्घकाळ टिकते, परंतु ती महाग असून तिला नियमित वीज हवी. औषधही कमी होते. सहसा बंद होत नाही. धान, मोहफूल आणि तेंदूपाने यांवर जगणाऱ्या कुटुंबाच्या हाती रोकड हंगामी येते. औषध मात्र दरमहा लागते. म्हणून वार्षिक उत्पन्नाचा आकडा समान असलेली दोन कुटुंबेही या कसोटीवर समान ठरत नाहीत.

मेंदूतील सूक्ष्म भाग निकामी करण्याची जुनी शस्त्रक्रिया स्वस्त असून तीत बॅटरी अथवा जुळवणी लागत नाही. परंतु ती दोन्ही बाजूंस केल्यास वाणी व गिळणे बिघडण्याचा धोका वाढतो. अशा रीतीने कोणती शस्त्रक्रिया व्हावी, हेही काही अंशी उत्पन्नच ठरविते.

शासनाची आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढविली गेली. अशी योजना रुग्णालयातील उपचाराचा भार उचलते. बुडालेली मजुरी व वर्षानुवर्षांचे औषध मात्र कुटुंबाच्याच माथी राहते.

यावरून संशोधकास एक सावधगिरी घ्यावी लागते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतच उत्पन्नाचा परिणाम मोजल्यास तो क्षीण किंवा शून्य दिसण्याचा संभव असतो. कारण दरिद्री रुग्ण आधीच गळालेले असतात. त्यास समानतेचा पुरावा मानणे हा निवडीचा दोष होय. निदान, नियमित औषध, योग्यतेची परीक्षा, शस्त्रक्रिया आणि उत्तरोपचार या प्रत्येक पायरीवर किती रुग्ण गळाले व कोणत्या कारणाने, याची नोंद झाली, तरच उत्पन्नाचा खरा परिणाम हाती लागेल.