सीडी अडखळते तेव्हा

गाणे मध्येच उडू लागले की दोष प्लेअरचाच असे धरून चालू नका. आधी दुसरी सीडी लावून पाहा. एकच सीडी ठरावीक जागी अडत असेल तर ती मळलेली किंवा चरे पडलेली आहे. सगळ्याच अडत असतील तर प्लेअर उघडावा लागेल.

सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत असते आणि दोन वेढ्यांतले अंतर जेमतेम १.६ मायक्रॉन. म्हणून सीडी गोल गोल कधीही पुसू नये. गोल चरा रेषेच्या दिशेने जातो, सलग बरीच माहिती झाकतो आणि प्लेअरची चूक-दुरुस्ती तिथे हरते. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. छापील बाजू जास्त जपा: माहितीचा थर तिच्या लगेच खाली असतो, तिथला खोल ओरखडा भरून निघत नाही.

प्लेअर उघडण्यापूर्वी प्लग काढाच. लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करतो. भिंगावरची धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने अलगद टिपावी. भिंग नाजूक स्प्रिंगवर तरंगते, दाबू नये. एवढ्याने भागले नाही तर भिंग सरकते त्या दांडीवरचे सुकलेले ग्रीस पुसून नवे, अगदी थोडे लावावे.