महाशिंपला आणि खानदेशातील काचपेटी

जळगाव-धुळ्याकडील कित्येक घरांतून दिवाणखान्यात माशांची काचपेटी आता दिसू लागली आहे. सोनेरी मासे पाळून हात बसला म्हणजे तरुण मंडळींचे लक्ष खाऱ्या पाण्याच्या पेटीकडे वळते. आणि तिच्या चित्रांत प्रवाळांच्या मधोमध निळा-हिरवा मखमली पडदा पसरून बसलेला महाशिंपला पाहिला, की ‘हा आपल्या घरी का नसावा?’ असा प्रश्न निघतो. प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हा प्राणी जगतो कसा, व त्यास जगविण्यासाठी घरास काय काय करावे लागते, हे वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महाशिंपल्यास शास्त्रात ट्रायडॅक्ना म्हणतात. त्याची सर्वांत मोठी जात सुमारे चार फूट लांब वाढते व तिचे वजन २०० किलोंवर जाते. पेटीत पाळतात त्या जाती पुष्कळ लहान. हा शिंपला माणसाचा पाय पकडून त्यास बुडवितो, ही दंतकथा होय. त्याची झडप फार सावकाश मिटते. खरे नवल निराळेच आहे. त्याच्या मांसल पडद्यात सूक्ष्म शैवालाच्या असंख्य पेशी वस्तीस असतात. दिवसा तो हा पडदा उन्हात पसरतो. शैवाल त्या प्रकाशावर अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा यजमानास देते, आणि यजमानाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये त्यास खतासारखी उपयोगी पडतात. १९२८-२९ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग यांनी या सहजीवनाचा बारकाईने अभ्यास केला. शिंपला पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीवही खातो; परंतु मुख्य भिस्त उन्हावर. म्हणूनच तो उथळ, नितळ समुद्रात राहतो.

यावरून त्याच्या शुश्रूषेचे नियम आपोआप ठरतात. पहिला नियम प्रकाशाचा. पेटीवर रोज ठरावीक तास प्रखर दिवा हवा. दुसरा पाण्याचा. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २०० लिटरच्या पेटीस ७ किलो. तेही स्वयंपाकाचे मीठ नव्हे, तर समुद्राच्या पाण्यातील सर्व क्षारांचे मिश्रण. बोअरचे जड पाणी याच्या कामाचे नाही. शुद्ध केलेले पाणीच घ्यावे लागते. शिंपला आपले कवच पाण्यातील चुन्यातूनच घडवीत असल्याने लिटरमागे ४०० मिलिग्रॅमांच्या आसपास कॅल्शियम सतत राखावे लागते. पायातून निघणाऱ्या तंतूंनी तो खडकास चिकटतो. त्यास ओढून उपटले तर पायास इजा होऊन तो दगावू शकतो. सावली पडताच जो चटकन पडदा आखडतो तो निरोगी समजावा. ज्याची शिंप सताड उघडी राहते व पडदा आत ओढलेला दिसतो, त्याची चिंता करावी.

आता आपल्या प्रांताचा विचार करू. या जीवास २५ ते २७ अंशांचे पाणी मानवते. आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पाण्यावर पंख्याचा वारा सोडला तर ते थंड होते. वाळ्याच्या ओल्या पडद्याचे तत्त्व ते हेच, आणि खानदेशच्या कोरड्या हवेत ते उत्तम चालते. परंतु त्याने पाणी झपाट्याने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे रोज भर घालावयाची ती बिनक्षारी शुद्ध पाण्याची. घरातील मंडळी लग्नकार्यास चार दिवस परगावी गेली, अथवा भर दुपारी वीज गेली, की महिनोन्महिन्यांची मेहनत एका दिवसात वाया जावी, असा हा प्रकार आहे.

तरीही कोणी म्हणेल, आम्ही एवढे कष्ट घेऊ. त्यास आमचे उत्तर असे, की कष्टांच्याही आधी कायदा येतो. लक्षद्वीप व अंदमान-निकोबार येथील प्रवाळांत राहणाऱ्या ट्रायडॅक्ना मॅक्सिमा व ट्रायडॅक्ना स्क्वामोसा या जातींस २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. तेथून शिंपला काढणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे; जिवंत प्रवाळांची गोष्टही तीच. पलाऊ बेटांवर १९८० नंतरच्या दशकात महाशिंपल्यांची मोठी पैदास होऊ लागली हे खरे. परंतु परदेशी पैदाशीचा शिंपलाही परवान्यावाचून देशात आणता येत नाही. ‘हा बाहेरचा आहे’ एवढ्या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून वडीलधाऱ्यांनी मुलाच्या वाढदिवसासाठी पैसे मोजू नयेत.

मग मुलांची हौस मोडावी काय? मुळीच नाही. गोड्या पाण्याची, वनस्पती लावलेली पेटी घ्यावी. तीतही प्रकाशावर वाढणारी पाने, माशांच्या मळाचे खत होणे, पाण्याची उष्णता रोज मोजणे, हे सारे शिकता येते. आणि चूक झाली तर परक्या समुद्रातील दुर्मीळ जीव तीत बळी पडत नाही. पाण्याची वही मुलांकडे सोपवावी, देखरेख वडिलांनी ठेवावी. आणि पुढेमागे लक्षद्वीपास जाण्याचा योग आला, तर नितळ पाण्यात आपल्या जागी पसरलेला तो निळा पडदा अवश्य पाहावा, मात्र हात न लावता.