घरच्या कॉम्प्युटरसाठी यूपीएस घेताय? आधी मीटरचा लुकलुकणारा दिवा मोजा

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी ग्रीडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागेवर थांबल्या, मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. इतका मोठा खोळंबा क्वचितच होतो. पण घरून काम करणाऱ्याचे नुकसान व्हायला पाच मिनिटांचा झटकाही पुरतो.

मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असले तरी इथली वीज अदानी इलेक्ट्रिसिटीची. खाडी ओलांडून नायगाव-वसईला गेले की महावितरण. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांनी सुचवलेला भलामोठा इन्व्हर्टर इथल्या वन बीएचकेत लागेलच असे नाही. किती लागेल, ते कॉम्प्युटर किती वीज खातो यावर ठरते.

एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेले असते, ती त्याची कमाल क्षमता. ऑफिसचे काम करणारा साधा डेस्कटॉप मॉनिटरसह साधारण १०० वॅटच्या आसपास राहतो; ग्राफिक कार्ड असलेला गेमिंग पीसी ३०० च्याही वर जातो. तुमचा नेमका आकडा मीटरच सांगेल. फ्रिजसकट घरातले बाकी सगळे बंद करा, कॉम्प्युटरवर नेहमीचे काम चालू ठेवा आणि एकाला खाली मीटर रूममध्ये पाठवा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट लिहिले असेल, तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. पाच मिनिटांत ४० वेळा लुकलुकला, तर वापर १५० वॅट. मीटरवर आकडा वेगळा असेल, तर हिशेबात तो धरा.

आता दुकानात. बॉक्सवरचे ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसची क्षमता बहुतेकदा ३६० वॅट असते, आणि तीही किती भार पेलेल याची, किती वेळ चालेल याची नाही. वेळ ठरते बॅटरीवर. आत सहसा १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. १५० वॅटला अर्धा तास चालायला हवी. पण बॅटरी झपाट्याने उपसली की पूर्ण क्षमता देत नाही, वर रूपांतरातही वीज जाते. हाती लागतात दहा-पंधरा मिनिटे. फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला ती पुष्कळ. तासाभराच्या मीटिंगला नाहीत. तासभर हवा असेल तर मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर घ्या आणि त्याचे बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवा, नाहीतर वीज जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होण्याची शक्यता असते. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला लावूच नका.

लॅपटॉपवाल्यांना यातले काहीच नको. त्यांचे अडते ते वायफायवर. राउटर जेमतेम १० वॅट खातो. त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो. फक्त एक विचारून घ्या: इमारतीच्या डक्टमध्ये किंवा गच्चीवर नेटवाल्याचा बॉक्स असेल, तर त्याला बॅकअप आहे का? तो बंद पडला, तर घरातला राउटर नुसताच चमकत राहील.