कोळंबीचा पहिला घास

गोव्याच्या खाजनांत भरतीच्या पाण्याबरोबर मानशीतून कोळंबीची पिले आपसूक आत येतात. मग ती प्रयोगशाळेत वाढवण्याचा खटाटोप कशासाठी? कारण जोवर समुद्र देईल तेवढेच बीज हाती येते, तोवर तिला शेती म्हणता येत नाही. ती वेचणीच राहते.

ही अट जपानच्या मोतोसाकू फुजिनागा यांनी मोडली. १९३४ च्या सुमारास त्यांनी कुरुमा जातीच्या कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत उबवली. पण पिले जगेनात. अंड्यातून निघालेले पिलू, म्हणजे नॉप्लियस, पहिले दीड-दोन दिवस अंगच्या बलकावर जगते, काही खात नाही. पुढच्या झोइया अवस्थेत त्याला भूक लागते, आणि नेमका तेव्हाच योग्य घास नसे. स्केलेटोनेमा नावाचे सूक्ष्म शैवाल मुद्दाम वाढवून दिले, तेव्हा पिले तगली. हे संशोधन १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले.

कोळंबीची मादी एका वेळी लाखो अंडी घालते. त्यामुळे संख्येचा प्रश्न नसतो, प्रश्न वेळेचा असतो. म्हणून बीजकेंद्रात पिलांच्या आधी शैवालाची तयारी करावी लागते. मानशीतून येणाऱ्या पिलाला तो पहिला घास समुद्राने आधीच भरवलेला असतो. प्रयोगशाळेत मात्र ते आईपण माणसाला शिकावे लागले.