बिऱ्हाड पाठीवर, मुले कडेवर

माझ्या पतींना जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात एका वर्षाची संशोधनवृत्ती मिळाली, तेव्हा आमची लेक पाच वर्षांची आणि धाकटा दोन वर्षांचा होता. घरात आनंद झाला आणि त्यापाठोपाठ प्रश्नही आले. सासूबाईंचा प्रश्न सर्वांत साधा होता आणि सर्वांत अवघडही. "मुलं तिथं आजारी पडली तर?"

निघण्यापूर्वी आमची सारी तयारी या एका प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी एकत्र केल्या आणि बालरोगतज्ज्ञांकडून त्यांचा इंग्रजी गोषवारा सही-शिक्क्यासह घेतला. हे काम किती मोलाचे होते, ते तिथे पोहोचल्यावर कळले. मार्च २०२० पासून जर्मनीत बालवाडीत प्रवेश घेताना गोवराच्या लसीचा पुरावा कायद्याने आवश्यक आहे. लेकीच्या दोन्ही मात्रांच्या नोंदी हाताशी असल्यामुळे तिचा प्रवेश अडला नाही. तिच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण तिथल्या डॉक्टरांनी कुतूहलाने पाहिला, कारण त्यांच्याकडे १९९८ पासून ही लस सर्व बालकांना देण्याची शिफारस नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाच्या दंडावर असलेली ही खूण तिथे विचारण्याजोगी ठरली.

तीन महिन्यांचे मौन

तिथल्या बालवाडीत मुलाला पहिल्याच दिवशी दारात सोडून जाण्याची पद्धत नाही. पहिले तीन दिवस आईने किंवा वडिलांनी वर्गाच्या कोपऱ्यात नुसते बसून राहायचे. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन पाहायचे आणि मूल सावरेल तसा हा वेळ वाढवायचा. ही पद्धत मला फार भावली. आमची लेक एकदाही रडली नाही.

मात्र ती बोललीही नाही. सप्टेंबर सरला, ऑक्टोबर सरला. वर्गात तिच्या तोंडून एक शब्द उमटला नाही. मुले खेळायला बोलावत, ती खेळे. चित्रे काढी, डबा खाई, पण सारे मुक्याने. घरी पाऊल टाकताच मात्र मराठीचा बांध फुटे आणि दिवसभराचे सारे साठवलेले बाहेर पडे.

मी धास्तावले. घरी मराठी बंद करून आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलावे, म्हणजे तिला लवकर जमेल, असे मनाने घेतले. दोन दिवस तसे केलेही. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, तू अशी का बोलतेस? तू रागावलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या बाईंना सारे सांगितले. त्यांनी शांतपणे समजावले, की नव्या भाषेत पडलेली लहान मुले पुष्कळदा आधी काही आठवडे, कधी काही महिनेही, केवळ ऐकतात. या काळात त्यांची समज वाढतच असते. घरी आईवडिलांनी आपलीच भाषा बोलावी. तीच मुलाचा आधार असते आणि तिच्या बळावरच दुसरी भाषा उभी राहते. मूल घरच्या भाषेतही गप्प झाले, येणारे शब्द विसरू लागले किंवा खाणेझोपणे बिघडले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. आमच्या घरी तसे काहीच नव्हते. त्या संध्याकाळपासून आजीच्या गोष्टी पुन्हा मराठीत सुरू झाल्या.

सहा डिसेंबर हा तिकडे संत निकोलसचा दिवस. मुलांच्या बुटांत खाऊ ठेवलेला असतो. एका मुलाने चुकून लेकीचा बूट उचलला आणि ती ओरडली, "माइन!" म्हणजे "माझा!" बाईंनी मला हे दारातच सांगितले, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते.

साडेचारला मावळणारा दिवस

पुण्याच्या उन्हात वाढलेल्यांना तिथला हिवाळा अंगावर येतो. डिसेंबरात सकाळी सव्वाआठच्या सुमारास उजाडते आणि साडेचारच्या सुमारास मावळते. ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथले ऊन इतके तिरपे असते, की त्यातून त्वचेला ड जीवनसत्त्व पुरेसे तयार करता येत नाही. सावळ्या त्वचेला तर अधिकच ऊन लागते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन्ही मुलांना ड जीवनसत्त्व सुरू केले. पाऊस असो वा बर्फ, रोज तासभर बाहेर जाण्याचा परिपाठ ठेवला. एका जाड कोटापेक्षा कपड्यांचे दोनतीन थर आणि चिखलात बसता येईल अशी जलरोधक विजार अधिक उपयोगी पडते, हे शेजारणीने शिकवले.

धाकट्याला त्या हिवाळ्यात दर दोनतीन आठवड्यांनी सर्दी होई. डॉक्टरांनी एकदाही प्रतिजैविक लिहून दिले नाही. भरपूर पेये, विश्रांती आणि कोणती लक्षणे दिसताच परत यायचे याची स्पष्ट सूचना, एवढेच. आरंभी मला हे दुर्लक्ष वाटले. विषाणूंच्या सर्दीवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो, हे ठाऊक असूनही.

या धावपळीत आजारी पडत होते मी. धाकट्यासह दिवसभर घरात, बोलायला कोणी नाही. दुपारी अंधारू लागले की कारणावाचून रडू येई. हे कोणाला सांगायची लाज वाटे. शेवटी मुलाच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनीच विचारले, "आणि आपण कशा आहात?" त्या प्रश्नाने माझे बोलणे मोकळे झाले. सकाळच्या उजेडात चालणे, आठवड्यातून दोनदा ग्रंथालयातील मातांच्या गटात जाणे आणि पतींनी संध्याकाळी लवकर घरी येणे, एवढ्या तीन बदलांनी माझ्यात हळूहळू फरक पडला. सगळ्यांना एवढ्याने बरे वाटेलच असे नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर उपचार घ्यायलाच हवेत.

पाच शहरे आणि एक तळे

ईस्टरच्या सुटीत आम्ही मोठी चूक केली. एवढे आलोच आहोत तर सारे पाहून घ्यावे, या हव्यासाने इटलीतील पाच शहरे आठ दिवसांत बसवली. रोज नवी खोली, रोज नवे जेवण, धाकट्याची दुपारची झोप बाबागाडीत. फ्लॉरेन्सला त्याला जुलाब सुरू झाले. सोबत नेलेली क्षारसंजीवनीची पाकिटे त्या रात्री कामी आली. चमच्याचमच्याने पाजत आम्ही सकाळ केली. पुढची दोन शहरे रद्द केली. त्यानंतर आमचा नियम ठरला. एकच मुक्काम, दिवसाला एकच ठिकाण आणि दुपारची झोप कोणत्याही कारणाने मोडायची नाही.

जूनमध्ये बोडन सरोवराकाठी एकाच घरात आठवडा काढला. रोज सकाळी तीच वाट, तोच बेकरीवाला, संध्याकाळी मूगडाळीची तीच खिचडी. कॉन्स्टान्सहून मेर्सबुर्गला जाणाऱ्या फेरीबोटीतून आम्ही तीनदा गेलो, कारण मुलांना तेच हवे होते. आज लेकीला फ्लॉरेन्समधले काहीही आठवत नाही. ती फेरीबोट मात्र ती अजून चित्रांत काढते.

ऑगस्टमध्ये परतलो. पहिले काही दिवस लेक आजीला जर्मनमध्ये उत्तरे देई आणि नव्या शाळेत पुन्हा गप्प बसे. या वेळी मी घाबरले नाही. सासूबाईंना मात्र त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. "हो, मुलं आजारी पडली, आणि बरीही झाली. आम्ही घाई केली तेवढंच त्यांना बाधलं."

जाण्यापूर्वी ध्यानात ठेवावे

• लसीकरणाच्या नोंदी, रक्तगट, ॲलर्जी आणि नेहमीच्या औषधांची मूळ नावे यांची एक प्रत हातातील पिशवीत ठेवावी.

• क्षारसंजीवनी पाकिटावरील प्रमाणातच कालवावी. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. लघवी कमी झाली, मूल सुस्त झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर थांबू नये.

• दक्षिण जर्मनीच्या रानात गोचिडीमुळे मेंदूज्वर होऊ शकतो. त्यावर लस आहे. रानातून परतल्यावर मुलांचे अंग रोज तपासावे. गोचीड दिसल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तेल लावू नये.

• युरोपीय संघातील देशांत आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक आहे. मोठ्या मुलांकडून तो पाठ करून घ्यावा.