जंतूंची ए. टी. के. टी.

परीक्षेचा निकाल लागला की आपल्या महाविद्यालयात पास आणि नापास यांच्यामध्ये तिसराही एक वर्ग दिसतो. तो म्हणजे ए. टी. के. टी.वाल्यांचा! वैद्यकशास्त्रातही जंतूंचा असाच एक मधला वर्ग आहे. तो औषधाने पुरता मरत नाही, आणि औषधाला मुळीच भीत नाही असेही नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने जंतूंवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल; पण आजारपण शाखा पाहून येत नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. शंभरातल्या सुमारे ३० निरोगी माणसांच्या नाकात तो निमूटपणे राहत असतो. कातडीला जखम झाली की मात्र तो केस्तूड, गळू करतो. रक्तात शिरला तर जिवावर उठतो. पेनिसिलिन वापरात आल्यावर थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे करणारे स्टॅफिलोकॉकस सर्वत्र दिसू लागले. मग मेथिसिलिन आले. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू सापडले. अशा हट्टी जंतूंसाठी डॉक्टरांची मोठी भिस्त राहिली ती व्हॅन्कोमायसिनवर.

१९९६ साली जपानमध्ये चार महिन्यांच्या एका बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. जखमेत हा जंतू शिरला. सुमारे चार आठवडे व्हॅन्कोमायसिन देऊनही पू थांबेना. टोकियोचे डॉ. केइइची हिरामात्सु व त्यांचे सहकारी यांनी तो जंतू तपासून १९९७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. बाळ पुढे दुसऱ्या औषधांनी बरे झाले.

प्रयोगशाळेत आज याचे मोजमाप असे करतात : एक लिटर द्रवात २ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी व्हॅन्कोमायसिनने जंतूची वाढ थांबली तर तो औषधाला वश; १६ किंवा अधिक लागले तर पूर्ण प्रतिरोधी; ४ ते ८ लागले तर मधला. जपानमधल्या जंतूला ८ लागले होते. मग डोस वाढवावा, असे कोणी म्हणेल. पण तो फार वाढवला तर रोग्याच्या मूत्रपिंडांना इजा होते.

हा मधला जंतू तग कसा धरतो? जंतूभोवती एक भिंत असते. तिच्या नव्या विटा आतल्या बाजूला, पेशीच्या पातळ पडद्यापाशी तयार होतात. प्रत्येक विटेला एक शेपटी असते आणि शेपट्या एकमेकींत गुंतल्या की भिंत पक्की होते. व्हॅन्कोमायसिन या शेपटीलाच चिकटून बसते आणि बांधकाम बंद पाडते. मधला जंतू भिंतच जाड करतो आणि तिच्यात पुष्कळ शेपट्या मोकळ्या ठेवतो. औषध बाहेरच्या थरांतच या शेपट्यांना चिकटून अडकते. खरे बांधकाम चालते तिथवर फारच थोडे पोचते. शत्रूने तटावरच दारूगोळा संपवावा आणि बालेकिल्ला शाबूत राहावा, तसाच हा प्रकार!

हे कौशल्य जंतू ठरवून शिकत नाही. कोट्यवधी जंतूंत काहींच्या जनुकांत योगायोगाने लहानसा बदल झालेला असतो. औषध दुबळ्यांना मारते, हे थोडे चिवट मागे उरतात व वाढतात. त्यांच्यात आणखी एखादा बदल होतो. साचलेला पू, अपुरे औषध आणि लांबलेला उपचार यांत ही निवड चालूच राहते. २००२ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सापडलेल्या पूर्ण प्रतिरोधी जंतूची वाट वेगळी होती. त्याने दुसऱ्या जातीच्या जंतूकडून जनुके उसनी घेऊन शेपटीच बदलली होती.

जाड भिंतीची किंमतही मोजावी लागते. असा जंतू सावकाश वाढतो आणि औषध थांबल्यावर काहींची भिंत पुन्हा पातळ होते. म्हणूनच पू काढून टाकणे, रक्तातले औषधाचे प्रमाण मोजणे, गरज संपताच ते थांबवणे आणि नेहमीच्या औषध-चकतीच्या चाचणीत हा जंतू निसटतो हे ध्यानात ठेवून नेमकी चाचणी करणे, याला इतके महत्त्व आहे.

तात्पर्य, औषध एका रात्रीत निकामी होत नाही; ते पायरीपायरीने होते. मधली पायरी वेळीच ओळखली तर रोगी वाचवता येतो, हे त्या जपानी बाळाने दाखवून दिले आहे.