घोरणे, मागे गेलेला जबडा आणि अडणारा श्वास

शिबिरात आम्ही झोपेबद्दल विचारले की लोक हसतात. ‘घोरतो म्हणजे गाढ झोपतो,’ असे घरचेही सांगतात. पण घोरणे मध्येच थांबून माणूस गुदमरत दचकून उठत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. रक्तदाब वाढतो, दिवसा गाडी चालवताना डोळा लागतो.

दोष नेहमी लठ्ठपणाचाच नसतो. सडपातळ माणसाचाही खालचा जबडा लहान, मागे असेल तर झोपेत जीभ मागे सरकून श्वासाची वाट अडते. अशा वेळी नुसत्या तारा लावून दात ओळीत येतील, श्वास मोकळा होईलच असे नाही. म्हणून आधी झोपेची तपासणी. मोठ्या माणसांत पहिला उपाय बहुधा मास्कमधून हवा देणारे सीपॅप यंत्र. ते सोसत नसेल तर दोन्ही जबडे साधारण 10 मिलिमीटर पुढे आणून टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. चावा जुळावा म्हणून त्याआधी बहुतेकदा वर्षभर तारा, नंतरही काही महिने. काही आठवडे मऊ जेवण. खालचा ओठ बधिर होतो, काहींचा कायमचा. हे विचारून घ्या, मगच सही करा.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत तारांचा आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा, दोन्ही विभाग आहेत. जाताना रात्रीचे घोरणे मोबाइलवर भरून न्या.